दोन दिवस थांबायला सांगणारे डॉक्टर

प्रश्न: माझा मुलगा चार वर्षांचा असून त्याचे वजन पंधरा किलो आहे. बालवाडीत जाऊ लागल्यापासून वर्षभरात तो सातव्यांदा तापाने आजारी पडला. पूर्वीचे डॉक्टर दर वेळी अँटिबायोटिक देत आणि तीन दिवसांत तो खेळू लागे. आता ज्यांच्याकडे जातो, त्या डॉक्टरांनी घसा, कान, छाती तपासून सर्दीचा ताप असल्याचे सांगितले, फक्त पॅरासिटामॉल लिहून दिले आणि ‘दोन दिवसांनी पुन्हा दाखवा’ म्हणाले. रक्त तपासायलाही सांगितले नाही. त्याच रात्री मुलाचा कान ठणकू लागला. माझी मोठी मुलगी चौदा वर्षांची आहे. दोन महिन्यांपासून तिचे डोके दुखते आणि ती सतत थकलेली असते. तिला तपासताना याच डॉक्टरांनी मला काही वेळ बाहेर बसायला सांगितले, ते मला फार लागले. घरातले सगळे म्हणतात, डॉक्टर बदल. काय करावे?
– एक आई

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. एवढ्या कारणांवरून डॉक्टर बदलू नका. त्यांनी मुलाला नीट तपासले आणि विचार करूनच कमी औषध लिहिले, असे तुमच्याच पत्रातल्या तपशिलांवरून दिसते. तो विचार त्यांनी तुम्हाला उलगडून सांगितला नसेल, तर तेवढ्यापुरती तुमची तक्रार रास्त आहे आणि ती त्यांच्यासमोर बोलून दाखवायलाही हरकत नाही.

वर्षात सात आजारपणे हा आकडा तुम्हाला मोठा वाटतो, पण नुकतेच इतर मुलांमध्ये मिसळू लागलेल्या या वयाच्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला-ताप होणे नेहमीचेच असते आणि काही मुलांच्या बाबतीत ही संख्या दहा-बारापर्यंतही जाते. सर्दी घडवून आणणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांशी तुमच्या मुलाची गाठ पहिल्यांदाच पडते आहे. त्यात खोकला सहजी जात नाही. दहांपैकी नऊ मुलांचा खोकला पूर्ण थांबायला जवळजवळ २५ दिवस लागतात, त्यामुळे एक आजारपण संपता संपता दुसरे सुरू होते आणि मूल कायमच आजारी असल्यासारखे वाटते. दोन आजारपणांच्या मधल्या काळात तो खातो-पितो, खेळतो, त्याचे वजन आणि उंची वाढते आहे, असे असेल तर ‘प्रतिकारशक्ती कमी आहे’ असा शिक्का त्याच्यावर मारू नका आणि ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या टॉनिकांच्या मागेही लागू नका. वजन खुंटले असते, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा झाला असता किंवा कानातून वरचेवर पू येत असता, तर मी वेगळे लिहिले असते.

आता अँटिबायोटिकबद्दल. तुमच्या घरच्यांनी जे पाहिले ते खरेच आहे: औषध दिले आणि तिसऱ्या दिवशी मूल बरे झाले. चुकतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. सर्दीचा ताप बहुधा तीन-चार दिवसांत आपसूकच उतरतो. पालक दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतात, त्या संध्याकाळी औषध सुरू होते आणि उतरणीला लागलेल्या तापाचे श्रेय त्या औषधाच्या खात्यावर जमा होते. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे ते द्यायलाच हवे, हाही समज खरा नाही, कारण साध्या सर्दीतही दोन-चार दिवसांनी तो तसाच होतो. गरज नसताना दिलेल्या औषधाने जुलाब होतात, अंगावर पुरळ उठते, आणि शरीरातले जिवाणू त्या औषधाला सरावतात, म्हणजे खरी गरज पडेल तेव्हा ते लागू पडण्याची खात्री कमी होते.

मग तपासणीत डॉक्टर नेमके काय शोधत होते? स्टेथोस्कोप लावण्याआधीच अर्धी तपासणी होऊन गेलेली असते. मूल आईच्या मांडीवर कसे बसले आहे, अनोळखी माणसाकडे पाहते आहे की मान टाकून पडले आहे, रडले तर जोराने रडते की नुसते कण्हते, ओठांचा रंग कसा आहे, हे अनुभवी नजर आधी टिपते. त्यानंतर श्वास मोजायचे. खोकला असलेल्या मुलाला न्यूमोनिया असण्याची शंका घ्यावी की नाही, हे ठरवण्याचा हा अत्यंत साधा आणि उपयोगी मार्ग आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९०च्या दशकात, जिथे एक्स-रे किंवा प्रयोगशाळा नाही अशा ठिकाणच्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी जी पद्धत बसवली, तिचा हा पाया आहे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक असतील, तर श्वास जलद चालला आहे असे धरतात.

हे तुम्हालाही घरी करता येते आणि यावेच. मूल झोपलेले किंवा शांत बसलेले असताना त्याचा सदरा छातीच्या वर सरकवा, पोट आणि छातीच्या सीमेवर नजर ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान मुलांचा श्वास एकसारख्या लयीत चालत नाही. ताप चढलेला असताना किंवा मूल रडत असताना श्वास तसाही वाढतो, म्हणून आकडा जास्त आला तर ताप थोडा उतरल्यावर पुन्हा मोजा. पण श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील किंवा कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर पुन्हा मोजत न बसता तडक दवाखाना गाठा. छातीत नुसते कफाचे घरघर वाजणे हे त्या मानाने किरकोळ लक्षण आहे, आणि पालकांना मात्र नेमकी त्याचीच धास्ती जास्त वाटते.

कानाचे थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘दोन दिवस’ या शब्दांचा अर्थ तिथे नीट कळेल. रडणाऱ्या किंवा तापलेल्या मुलाच्या कानाचा पडदा तसाही लालसर दिसतो, त्यामुळे नुसत्या लालीवरून निदान होत नाही. पडद्यामागे पू साचून तो बाहेरच्या बाजूला फुगला आहे का, हे पाहावे लागते. कानाचा असा संसर्ग असला, तरी मूल दोन वर्षांहून मोठे असेल, वेदना आटोक्यात असतील, ताप ३९ अंश सेल्सिअस म्हणजे साधारण १०२ फॅरनहाइटच्या खाली असेल आणि कानातून पू येत नसेल, तर फक्त वेदनाशामक देऊन ४८ ते ७२ तास वाट पाहणे हा मान्यताप्राप्त उपचार आहे. अशी बहुतेक मुले त्या मुदतीत अँटिबायोटिकशिवाय बरी होऊ लागतात. सहा महिन्यांच्या आतले बाळ, दोन्ही कान बिघडलेले दोन वर्षांच्या आतले मूल, वाहणारा कान किंवा तीव्र ठणका असेल, तर मात्र न थांबता अँटिबायोटिक सुरू करतात आणि ते बहुधा अमॉक्सिसिलिन असते. तुमच्या मुलाचा कान तपासणीनंतर ठणकू लागला, म्हणजे डॉक्टरांनी पाहिला तेव्हा पडदा कदाचित चांगला असेल. म्हणून दोन दिवस पुरे होण्याची वाट न पाहता त्यांना हे कळवा आणि कान पुन्हा दाखवून घ्या. तोपर्यंत वेदनाशामक वजनाच्या हिशेबाने पूर्ण मात्रेत द्या. कानात तेल किंवा घरात पडून असलेले थेंब घालू नका, कारण पडद्याला छिद्र पडले असेल तर त्याने त्रास वाढेल.

घशाच्या बाबतीतही असाच हिशेब असतो. रॉबर्ट सेंटॉर या अमेरिकन डॉक्टरांनी १९८१ मध्ये मोठ्यांच्या घसादुखीसाठी काही ठोकताळे मांडले आणि १९९८ मध्ये त्यांत वयाचा विचार मिळवला गेला. ताप आहे, खोकला नाही, टॉन्सिल सुजले आहेत किंवा त्यांवर पांढरा थर आहे, गळ्याच्या पुढच्या बाजूच्या गाठी सुजून दुखतात आणि वय ३ ते १४ च्या दरम्यान आहे, या गोष्टी जितक्या जास्त जुळतील तितका स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा संशय वाढतो. उलट नाक वाहते, आवाज बसला आहे आणि खोकला आहे, तर विषाणूच असण्याची शक्यता अधिक. हा जिवाणू सापडला किंवा त्याचा दाट संशय असला, की पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचा दहा दिवसांचा कोर्स देतात आणि तिसऱ्या दिवशी मूल ठणठणीत दिसले तरी तो पुरा करायचा असतो, कारण या संसर्गाच्या मागून येणारा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवू शकतो. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी तो धोका टळतो, म्हणून एक-दोन दिवस तपासणीच्या निकालासाठी थांबल्याने नुकसान होत नाही.

पहिल्या-दुसऱ्या दिवशी रक्त तपासून सहसा हाती काही लागत नाही, कारण पांढऱ्या पेशी विषाणूंच्या आजारातही वाढतात आणि थोड्याशा वाढलेल्या आकड्याने सगळ्यांचीच घालमेल होते. लघवीची तपासणी मात्र लहान मुलांत अनेकदा राहून जाते. सर्दी-खोकला काहीच नसताना आलेल्या तापात ती करायलाच हवी आणि तिचा नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्यायला हवा. मलेरिया किंवा डेंग्यू पसरलेल्या भागात रक्ततपासणीचा निर्णय अर्थातच वेगळा असतो. ताप पाच दिवसांच्या पुढे गेला, तर सगळा विचार पहिल्यापासून करावा लागतो. टोमिसाकु कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी १९६७ मध्ये वर्णन केलेला आजार याच टप्प्यावर ओळखला जायला हवा. तो विरळा आहे, पण वेळेवर उपचार झाले नाहीत तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा करतो.

‘फक्त पॅरासिटामॉल’ असे तुम्ही लिहिले आहे, पण घरोघरी सर्वांत जास्त चुका याच औषधात होतात. एका वेळची मात्रा दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम असते. दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा देऊ नयेत. तुमच्या पंधरा किलोच्या मुलाला एका वेळी १५० ते २२५ मिलिग्रॅम लागेल. बाटलीवर ‘५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम’ असे छापले असेल तर ते ३ ते ४.५ मिली होते, आणि ‘५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम’ असेल तर सुमारे ६ ते ९ मिली. तान्ह्या बाळांसाठी असलेल्या ड्रॉप्समध्ये एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम असू शकते, त्यामुळे ड्रॉप्सची बाटली सिरप समजून चमच्याने पाजली तर मात्रा कितीतरी पटींनी वाढते. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचे मापच वापरा. सर्दीच्या मिश्र औषधांतही कित्येकदा पॅरासिटामॉल असते, तेव्हा दोन्ही एकदम देण्याआधी लेबल वाचा.

हे औषध मुलाला बरे वाटावे म्हणून द्यायचे असते. ताप असूनही मूल खेळत असेल तर ते दिलेच पाहिजे असे नाही, आणि गाढ झोपलेल्या मुलाला औषधासाठी उठवू नये. औषधाने ताप उतरला म्हणून आजार साधा ठरत नाही आणि उतरला नाही म्हणून गंभीरही ठरत नाही. आयबुप्रोफेन चांगले वेदनाशामक आहे, पण कांजिण्या, डेंग्यूचा संशय किंवा जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झालेले असताना ते टाळतात. ॲस्पिरिन तर मुलांना स्वतःच्या मनाने कधीच देऊ नका. गार पाण्याच्या पट्ट्यांनी किंवा अंघोळीने मूल कुडकुडते आणि आतला ताप उलट टिकून राहतो.

तापात आकडी येण्याची भीती तुमच्या मनात असेल, म्हणून तेही लिहितो. सहा महिने ते पाच-सहा वर्षांच्या वयात शंभरांतल्या दोन ते पाच मुलांना अशी आकडी येते. पाहणाऱ्याचा थरकाप उडतो, पण ती बहुधा पाच मिनिटांच्या आत थांबते आणि मेंदूला इजा करत नाही. पॅरासिटामॉल आधीपासून देत राहिल्याने ती टळत नाही. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालू नका आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर तातडीची मदत बोलवा, आणि लगेच थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

‘दोन दिवसांनी या’ म्हणताना डॉक्टरांनी त्याआधी कधी यायचे हे सांगायला हवे होते. सांगितले नसेल तर माझ्याकडून घ्या. मूल हाक मारूनही नीट जागे होत नसेल, काहीच पीत नसेल किंवा घेतलेले सगळे उलटून टाकत असेल, आठ-दहा तासांत लघवी झाली नसेल, श्वास वर सांगितल्याप्रमाणे चालत असेल किंवा मान ताठ झाली असेल, तर रात्र असली तरी निघा. अंगावरच्या लाल-जांभळ्या पुरळावर काचेचा पेला दाबून पाहा. दाबल्यावरही ते पुसट होत नसेल तर जराही वेळ दवडू नका. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर वाट पाहण्याचा हा सगळा हिशेब त्याला लागू नाही. त्याला त्याच दिवशी तपासलेच पाहिजे.

आता मुलीबद्दल. तुम्हाला बाहेर बसायला सांगितले, हे तुम्हाला लागणे स्वाभाविक आहे, पण किशोरवयीन मुलांना तपासण्याची ती योग्य रीत आहे. काही प्रश्नांची खरी उत्तरे आईवडिलांसमोर मिळत नाहीत. घरी कसे वाटते, शाळेत कोणी छळते का, जेवण मुद्दाम टाळतेस का, कोणी व्यसनाचा आग्रह केला का, कोणी नकोसा स्पर्श केला का, जगणे नको वाटते का, हे विचारायचा क्रम जॉन गोल्डनरिंग आणि एरिक कोहेन या डॉक्टरांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केला आणि आजही तो थोड्याफार फरकाने वापरला जातो. तिने सांगितलेले डॉक्टर स्वतःपाशी ठेवतात. मात्र तिच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे, अथवा तिच्यावर अत्याचार होतो आहे असे दिसले, तर गप्प राहत नाहीत, आणि ही अट मुलीलाही आधीच सांगायची असते. घरी परतताना ‘काय विचारलं गं?’ म्हणून तिची उलटतपासणी घेऊ नका.

डोकेदुखी आणि थकवा या जोडीमागे या वयात बहुतेकदा साधी कारणे निघतात. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते, आणि मोबाइल उशाशी घेऊन झोपणाऱ्या मुलांना ती क्वचितच मिळते. सकाळचे खाणे टाळणे, दिवसभर पुरेसे पाणी न पिणे, मायग्रेन, ही कारणेही ओळीने तपासावी लागतात. चष्म्याच्या नंबरावर जेवढा दोष येतो तेवढा तो असत नाही, तरी डोळे एकदा तपासून घ्या. डोकेदुखीची गोळी आठवड्यातून दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर ते सांगा, कारण रोजच्या गोळीनेच डोकेदुखी पाठ सोडेनाशी होते. रक्तदाब मोजला नसेल तर तो मोजायला सांगा.

इथे मात्र रक्ततपासणीला अर्थ आहे. पाळी सुरू झालेल्या मुलींत लोहाची कमतरता फार आढळते, आणि या वयाच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी समजतात. पाळी सात दिवसांहून अधिक चालते का, पॅड तासा-दोन तासांनी बदलावे लागते का, हे तिलाच विचारायला हवे, कारण चौदा वर्षांच्या मुलीला ‘जास्त’ म्हणजे किती हे माहीत नसते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर शौचाचा रंग काळा होईल, घाबरू नका. गोळी चहा किंवा दुधासोबत देऊ नका. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही ती पुढे दोन-तीन महिने द्यावी लागते, नाहीतर शरीरातला साठा रिकामाच राहतो. थकव्यासोबत तहान आणि लघवी वाढली असेल, वजन घटत असेल, तर त्याच दिवशी रक्तातली साखर पाहा. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ तिचे कशातच मन लागत नसेल, ती सारखी चिडचिड करत असेल, तर ते तऱ्हेवाईकपणाच्या खात्यात टाकू नका; या वयातले नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्यातून अधिक दिसते.

डोकेदुखीने पहाटे जाग येणे, सोबत उलट्या होणे, खोकल्यावर किंवा आडवे पडल्यावर ती वाढणे, एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे, यांपैकी काहीही असेल तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा आणि ते लक्षण त्यांना आवर्जून सांगा. तसे नसेल तर पुढच्या भेटीपर्यंत चार आठवडे तिला एका वहीत डोके कधी दुखले, किती वेळ दुखले, आदल्या रात्री किती झोप झाली, काय खाल्ले, गोळी घेतली का आणि पाळी कधी आली, एवढे टिपायला सांगा. वही तिनेच लिहावी आणि डॉक्टरांना तिनेच दाखवावी. तुम्ही ती वाचायची की नाही, हेही तिलाच ठरवू द्या.